पुढचे आसन



२७ मार्च १९६८ रोजी युरी गागारिन गेले, तेव्हा मी चिक्कडपल्लीत राहणारा कॉलेजकुमार होतो. १९६१ च्या एप्रिलमध्ये १०८ मिनिटांत अंतराळप्रवास करून आलेला, त्याच वर्षाच्या अखेरीच्या भारतभेटीत आपल्या हैदराबादलाही येऊन गेलेला हा पुरुष साध्या मिग-१५ या प्रशिक्षण-विमानात मरण पावतो, हे मनाला पटेना. वय अवघे चौतीस!

१९६७ मध्ये कोमारोव्ह मृत्युमुखी पडल्यावर गागारिनांना पुन्हा अंतराळात पाठवायचे नाही असे ठरले. राष्ट्राने त्यांना देव्हाऱ्यात बसविले म्हणा ना! वैमानिकाला देव्हारा कसा मानवणार? फेब्रुवारीत त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि त्या सकाळी, एकट्याने विमान चालविण्याची परवानगी मिळण्यापूर्वीच्या उड्डाणासाठी, ते पुढच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या आसनावर बसले. मागे शिक्षक. किर्झाचजवळ विमान कोसळले, दोघेही गेले. कारणांविषयी पुष्कळ तर्क झाले, मला त्यांत रस नाही. आयुष्यभर वर्ग घेतलेल्या मला ते पुढचे आसनच दिसत राहते.

मागच्या शिक्षकाचे नाव मात्र मीही कित्येक वर्षे विसरलो होतो. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानात ते उच्चारतो : कर्नल व्लादिमीर सेर्योगिन.