मुलाचे उत्तर आणि मुलाचा विचार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील भाषण)



संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर वडिलांचे बोट धरून चालणारे चार-पाच वर्षांचे मूल एकदम थांबते आणि म्हणते, "पप्पा, चंद्र आपल्याबरोबर चालतोय." वडील हसतात; घाईत असतील तर "वेडा आहेस" म्हणून मोकळे होतात. वास्तविक त्या मुलाने चंद्र पाहिला, आपले चालणे पाहिले आणि दोहोंचा संबंध जोडला. उत्तर चुकले, पण विचार झाला. आजचा विषय या एका फरकाभोवती आहे.

दुसरे उदाहरण आपल्या बाजारपेठेतले. कापडाच्या दुकानात मुलासमोर मोजून दोन-दोन मीटरचे दोन सारखे तुकडे कापावेत. एकाची घडी घालावी, दुसरा गादीवर पसरावा आणि विचारावे, "कापड कशात जास्त?" चार वर्षांचे मूल बहुधा पसरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवील. आठ वर्षांचे मूल मात्र प्रश्न ऐकूनच हसेल आणि म्हणेल, "कापड तेवढंच आहे, नुसतं उलगडलंय." मधल्या काळात त्याला हे कोणी शिकविले? बहुधा कोणीच नाही. हाताळून, उलगडून, पुन्हा घडी घालून त्याची समज आतून वाढली.

या वाढीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांचे नाव अग्रभागी आहे. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. तपासताना त्यांच्या ध्यानी आले की, एकाच वयाची मुले एकाच प्रकारच्या चुका करतात. चुकीतही नियम आहे, अर्थात चुकीमागे विचार आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांनी विचारविकासाच्या चार अवस्था मांडल्या. साधारण दोन वर्षांपर्यंत मूल हाताने, तोंडाने, हालचालीने जग जाणते. दोन ते सात या वयात भाषा व कल्पना बहरतात, परंतु डोळ्यांना दिसते तेच त्याला खरे वाटते. सात ते अकरा या काळात प्रत्यक्ष वस्तूंविषयी तर्क करता येऊ लागतो. त्यानंतर न पाहिलेल्या, केवळ मनात मांडलेल्या गोष्टींचा विचार करण्याचे सामर्थ्य येते.

या वयोमर्यादा दगडावरची रेघ नव्हेत. १९७४ साली ब्रिटनमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी मॅकगॅरिगल यांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून मोठ्या माणसाने एक रांग हलविली आणि पुन्हा विचारले, "दोन्हीकडे सारख्याच आहेत का?" तेव्हा बहुसंख्य लहान मुले चुकली. तीच रांग एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, असे दाखविले तेव्हा बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी वाढली. याचे एक कारण असे सांगितले जाते की, मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असावे, असे मूल धरून चालते. म्हणजे मूल पुष्कळदा प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते आपला चेहरा वाचून उत्तर देते. पालकांनी हे वाक्य मनावर कोरून ठेवावे.

पियाजे ज्या वर्षी जन्मले, त्याच १८९६ साली रशियात लेव्ह व्यगोत्स्की जन्मले. मूल आज जे मोठ्यांच्या मदतीने करू शकते ते उद्या स्वतः करू शकेल, म्हणून मदत त्या उंबरठ्यावर मिळावी, हा त्यांचा विचार. आजीने निम्मी गोष्ट सांगून "पुढे काय झालं असेल?" असे विचारणे ही तशीच मदत होय.

हे सर्व परदेशी पुस्तकांतच राहिले असे नाही. याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरविली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही त्यांची साधने झाली. मोजणे, वर्गवारी करणे, लहान-मोठे ओळखणे हे मुले हाताळता हाताळता शिकली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ व कृतीवर भर दिला. तरीही अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन वहीची पाने भरून घेण्याची घाई घराघरांत दिसते.

आता आपल्या परंपरेकडे वळू. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे चार टप्पे सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूचा स्पर्श जाणिवेला होतो; मग 'हे काय असावे' अशी जिज्ञासा; मग निश्चय; आणि शेवटी ते ज्ञान टिकवून ठेवणे. हे विवेचन वयाच्या अवस्थांचे नाही, प्रत्येक जाणण्याचे आहे. तथापि त्यातील क्रम पालकांना पुष्कळ शिकवितो. धारणा चौथी आहे, ईहा दुसरी आहे. आपण मात्र मुलांकडून पहिल्या दिवसापासून धारणाच मागतो. सूत्रे पाठ झाली की शाबासकी, बक्षीस, टाळ्या. पाठांतराचे मोल कमी नाही. लहानपणी कंठस्थ केलेले आयुष्यभर सोबत करते. परंतु ईहेचा मार्ग बंद करून केलेली धारणा पोपटाची ठरते.

पाठशाळेतून आलेले सहा वर्षांचे मूल आईला विचारते, "पाण्यात जीव असतात म्हणून आपण उकळून पितो. मग उकळताना त्यांना काय होतं?" किती खोल प्रश्न आहे हा! ऐकलेले दोन विचार त्याने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या धर्मात झालेला आहे. महाराजसाहेबांना, जाणकारांना तो विचारता येईल. "चल, दोघं मिळून विचारू" एवढे आई म्हणाली तरी पुरे. परंतु बहुतेक घरांत उत्तर मिळते, "असं विचारू नये." मुलाला त्यातून दयाधर्म कळत नाही, विचारणे हाच अपराध आहे एवढे कळते.

पुढे हेच मूल पंधरा वर्षांचे होते आणि आई-वडील तक्रार करतात, "घरात काही बोलतच नाही." न बोलण्याची कारणे अनेक असतील, पण त्यातले एक दहा वर्षांपूर्वी पेरले गेलेले असते. चंद्र बरोबर चालतो म्हणणाऱ्यावर घर हसले, पाण्यातल्या जिवाविषयी विचारणाऱ्याला गप्प केले, तेव्हा आतला विचार बाहेर न काढण्याचे शिक्षण त्याने मुकाट्याने घेतले.

यास्तव उपाय फार खर्चाचा नाही. मुलाचे उत्तर चुकले तर दुरुस्त करण्याआधी एकदा विचारावे, "तुला असं का वाटलं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत पाठांतराची बक्षिसे देण्याची प्रथा जपली गेली. एक्कावन्नाव्या वर्षापासून त्यासोबत वर्षातील सर्वांत चांगल्या प्रश्नालाही एक बक्षीस असावे, ही विश्वस्तांना नम्र विनंती. ज्या पाठशाळेत मूल निर्भयपणे विचारते, तेथील धारणा पक्की होईल.

जय जिनेंद्र.