खडीतली भाजी

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना शेती, म्हटलं की पांढरे पाइप, मोटर आणि शहरातल्या हॉटेलांत जाणारं लेट्यूस डोळ्यांपुढे येतं. पण १९४६ च्या सुमारास कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी प्रयोग केले ते खडी आणि वाळूच्या वाफ्यात. पंप नाही, काचघर नाही. खतांचे कोरडे क्षार मोजून भुरभुरायचे आणि वरून पाणी घालायचं. १९५१ साली त्यांचं पुस्तक निघालं; त्याच्या नावातच ‘बंगाल पद्धत’ आहे. गावात ही विद्या शिकवायची, तर मी तिथून सुरुवात करीन.

पाइपात मुळांपाशी पाण्याचा पातळ थर सतत वाहता लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली, की थोड्याच वेळात रोपं माना टाकतात. भारनियमन ज्यांच्या पाचवीला पुजलेलं, त्यांच्या गळ्यात ही मोटर कशाला बांधायची? वाळू निदान ओल धरते.

पहिला धडा मेथीचा. मुंबईत समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात, त्या वाळूतच वाढवलेल्या असतात. एवढं रोप बियातल्या शिदोरीवर उभं राहतं, त्याला खत लागत नाही. बचतगटातल्या बायकांच्या हाती पंधरवड्याच्या आतबाहेर भाजी येते, मग त्या पुढचं ऐकायला बसतात.

पुढचं म्हणजे मोजमाप. खत कमीजास्त झालं तर माती सांभाळून घेते, खडी घेत नाही. पालक, टोमॅटोसाठी विद्राव्य खतं वापरायची, तर कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची घट्ट द्रावणं एकत्र करायची नाहीत; गाळ बसतो. ठिबकवाल्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी दोन कॅन ठेवावेत, झाकणं दोन रंगांची. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. ज्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर चढतो, ते आधी तपासून घ्या. पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी केव्हाही बरं.

आणि खर्च? वाफा एकदाच करायचा, क्षार मात्र पुन्हा पुन्हा विकत आणायचे. हे शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगावं. ज्याच्याकडे काळं रान आणि पाण्याची विहीर आहे, त्यानं या वाटेला जाऊ नये. ज्याच्या दारात नुसता मुरूम आहे, किंवा अंगणापलीकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी हा वाफा आहे.