गाडी तेल खाते, तेव्हा आधी ब्रीदर पाहा

आरोंद्यात माझं गॅरेज आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा, आणि किरणपाणीच्या पुलामुळे दोन्हीकडच्या गाड्या माझ्याकडे येतात. पूर्वी कामं असत ती रिक्षा, टेम्पो आणि होड्यांच्या डिझेल इंजिनांची. अलीकडे टर्बो पेट्रोल गाड्या वाढल्या आहेत. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३मध्ये आली, रांजणगावात तयार झालेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५मध्ये. अशा वेगवान गाड्या आता सेकंडहँड मिळतात. तरुण मुलं त्या घेतात आणि टर्बोचा दाब आणखी वाढवून घेतात.

गाडी कोणत्याही कंपनीची असो, ताकद वाढवताना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढण्याची सोय.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी पिस्टनच्या वर जळणारा थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि पाण्याची वाफ असते. पूर्वी हा वायू नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडत. त्याने हवा बिघडते हे ध्यानात आल्यावर कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून तो परत इंजिनातच जाळू लागले. त्यासाठी जो व्हॉल्व्ह बसवतात, तो पीसीव्ही.

साध्या इंजिनात इनटेकमधली ओढ हा वायू खेचून घेते. टर्बो गाडीत मात्र ॲक्सिलरेटर दाबला की तिथे ओढीऐवजी दाब तयार होतो. तेव्हा पीसीव्हीची वाट बंद व्हायची आणि वायूने दुसऱ्या नळीने टर्बोच्या अलीकडे जायचं, अशी योजना असते. व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर टर्बोचा दाब उलटा इंजिनाच्या पोटात शिरतो. दुसरी नळी तुंबली तर वायूला वाटच उरत नाही. कुकरच्या शिट्टीत डाळ अडकावी तसं होतं. मग ऑइल सीलमधून तेल येतं, डिपस्टिक वर उचलते. टर्बोतलं तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरत असतं. खालून दाब आला की ते तिथेच अडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

दोन पावसाळ्यांमागे एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, गाडी तेल खाता. आंबोलीचो घाट चढलंय काय मागसून धूर येता." एकाने टर्बो बदलायला सांगितलं होतं, दुसऱ्याने इंजिन उतरवायला. वडिलांनी काजूचे आलेले पैसे त्यासाठी काढून ठेवले होते. मी आधी कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर ठीक होते. मग ब्रीदरची नळी काढली. तेलाने आणि उष्णतेने ती मऊ पडून आतून चिकटली होती. नळी आणि पीसीव्ही बदलला, टर्बो तोच ठेवला. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळून गेल्यावर धूर थांबला.

आपल्या कोकणात आणखी एक अडचण. पावसात आरोंद्याहून शिरोड्याला जाऊन यायचं, तर इंजिन पुरतं तापतही नाही. वाफ आतच साचते आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर धरतो. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजू नका. आठवड्यातून एकदा गाडी लांब न्या आणि ब्रीदर साफ करून घ्या.

काही मुलं नळी काढून तिथे छोटा फिल्टर लावतात आणि वायू उघड्यावर सोडतात. तसं करू नका. तेलाचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर आग लागू शकते, आणि पेट्रोल गाडीत हा वायू हवेत सोडायला आपल्या भारत स्टेज नियमांत मनाईही आहे. तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवायचा तर वायू पुन्हा इनटेकमध्येच गेला पाहिजे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात त्याचा विशेष उपयोग, कारण तिथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि तेलाचा कार्बन त्यांवर चढतो. मात्र पावसाळ्यात हा डबा पंधरा दिवसांनी रिकामा करा.

टर्बोचा दाब वाढवायला गाडी द्याल, त्याच दिवशी ब्रीदरच्या नळ्या आणि पीसीव्ही तपासून घ्या. आणि कोणी इंजिन उतरवायला सांगितलं, तर आधी कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून मागा.