गिऱ्हाइकीचा हिशेब आणि एक नवी परीक्षा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नेहमीचे गिऱ्हाईक टिकून राहावे म्हणून मोठ्या कंपन्या खरेदीवर गुण देतात. त्या गुणांचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली आणि तिच्या ज्ञानाची प्रमाणपत्र-परीक्षा, हा आमचा आजचा विषय आहे. आपल्यातील काही तरुण मंडळींनी या परीक्षेच्या तयारीविषयी आम्हांस विचारले, म्हणून हे चार शब्द.

वडीलधाऱ्यांनी या विषयाला बिचकू नये. आमचे आजोबा किराणा दुकानात रोजच्या गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत. मूळ कल्पना तीच. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेल्या स्पेरी अँड हचिन्सन कंपनीची हिरवी तिकिटे दुकानदार गिऱ्हाइकांस देत. ती साठवून त्यांच्या बदल्यात वस्तू मिळत. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांच्या मैलांची खाती सुरू केली. पुढे सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीने २०२१ साली ‘लॉयल्टी मॅनेजमेंट’ ही प्रणाली आणली. तिचीच परीक्षा आम्ही दिली, आणि प्रथम नापास झालो!

दोष आमचाच होता. एका विक्रेत्याकडून आम्ही तयार प्रश्नोत्तरांचा संच विकत घेतला आणि तो घोकून परीक्षेस बसलो. तेथे प्रश्न प्रसंगाचे निघाले. गिऱ्हाइकाने माल घेतला, गुण मिळविले, वरच्या श्रेणीत गेले आणि मग माल परत केला. आता काय करावे? आम्ही निरुत्तर झालो. आमच्या आजोबांना मात्र उत्तर ठाऊक होते: माल परत आला की वहीत उलट नोंद होते. येथेही दिलेले गुण मागे घेणारी नोंद व्हावयास हवी आणि श्रेणीचाही पुन्हा विचार व्हावयास हवा.

म्हणून आमचे सांगणे असे की, आधी व्यवहार समजून घ्यावा, मग प्रणाली. गुणांचे दोन प्रकार नीट ओळखावेत: एका प्रकारावर सभासदाची श्रेणी ठरते, दुसऱ्या प्रकारचे गुण खर्च करता येतात. गुणांची मुदत कशी संपते तेही पाहावे. कधी ठरलेल्या काळाने, तर कधी सभासदाने बरेच दिवस व्यवहार न केल्याने. न वापरलेला गुण हे दुकानदाराने दिलेले वचन असून हिशेबशास्त्र त्यास देणे मानते. हे एकदा मनात ठसले म्हणजे पुष्कळ नियम आपोआप उलगडतात.

पुढची पायरी सरावाची. सेल्सफोर्सचे ‘ट्रेलहेड’ हे शिक्षणदालन विनामूल्य आहे. तेथील पाठ वाचावेत, आणि सरावाची प्रणाली हाती येईल तेव्हा आपल्याच घरच्या दुकानाची योजना तीत मांडून पाहावी. दहा सभासद घ्यावेत, त्यांच्या खरेदीच्या नोंदी कराव्यात, एकाचा माल परत घ्यावा, एकाचे गुण मुदतीने संपू द्यावेत, आणि प्रत्येक वेळी जमाखर्च कागदावर ताडून पाहावा. दुसऱ्या खेपेस आम्ही असेच केले आणि उत्तीर्ण झालो.

पालकांस एक विनंती. मुलगा वा मुलगी नापास झाल्यास ‘फी वाया गेली’ असे म्हणू नये. परंतु प्रश्नसंचासाठी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. असे संच वापरल्याचे उघड झाल्यास मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. शिवाय प्रमाणपत्राने एखादे दार उघडेलही, पण नोकरीच्या पहिल्या महिन्यातच पाठांतर उघडे पडते.

गिऱ्हाइकाचा विश्वास सांभाळणारी प्रणाली शिकावयाची, आणि परीक्षेत मात्र लबाडी करावयाची, हे शोभत नाही. आपल्या वाडवडिलांनी खातेवहीची अब्रू जपली. ती जपणे हीच या परीक्षेची पहिली तयारी होय.