संशय आणि अटक

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी बेड्यांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, संशयाची सावली पुरती हटलेली नाही. म्हणून ध्यानात ठेवा, जात किंवा नुसती कुजबुज हा अटकेचा आधार होत नाही. गुन्हा पोलिसांसमोर घडला नसेल, तर वॉरंटशिवाय अटकेला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार विश्वासार्ह माहिती, रास्त तक्रार किंवा वाजवी संशय लागतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरजही लेखी नोंदवावी लागते, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. अटक झालीच, तर कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेणे बंधनकारक आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा.