थंडावा आपला, उष्णता कोणाची?

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा दानधर्म, शिक्षण, समाजाची उन्नती अशा मोठ्या विषयांवर बोलले जाते. मला मात्र चिटणिसांची आज्ञा अशी की, घराघरांत उपयोगी पडेल असे काही सांगावे. म्हणून मी अगदी लहान विषय घेतला आहे. घरात एसी बसवायचे ठरले, तर त्याचे बाहेरचे यंत्र, ज्याला मेकॅनिक लोक ‘आउटडोअर’ म्हणतात, ते ठेवावे कोठे?

जोयड्याच्या जंगलात एसी कशाला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मातीच्या जाड भिंती, वर कौले आणि पुढे पडवी अशा घरात मे महिन्याची दुपारही निभावून जाते. परंतु आता रामनगर, जोयडा, गणेशगुडी येथे स्लॅबची घरे झाली आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतो. घरात वृद्ध माणसे असली, कोणी आजारी असले, तर एसीला निव्वळ चैन म्हणता येत नाही. तेव्हा घ्यावा की न घ्यावा हा वाद मी घालत नाही. घेतलाच, तर जागा विचार करून निवडावी, एवढेच माझे सांगणे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. एसी थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो आणि त्या कामासाठी सुमारे एक किलोवॅट वीज घेतो. या दोन्हींची बेरीज आउटडोअरमधून बाहेर पडते. म्हणजे हजार वॅटच्या चार-साडेचार इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात, एवढी उष्णता! ती वाहून नेण्यास मोकळा वारा हवा. यंत्र मागून हवा घेते आणि पुढून फेकते. पुढे भिंत असली, किंवा शोभेसाठी त्याभोवती पेटी बांधली, तर फेकलेली गरम हवाच ते पुन्हा ओढते. मग खोली गार होत नाही आणि बिल मात्र वाढते. म्हणून मागे फूटभर, पुढे निदान तीन-चार फूट जागा मोकळी असावी आणि नळ्यांच्या बाजूला पाना घेतलेला हात फिरावा. कंपनीच्या पुस्तिकेत याहून अधिक अंतर दिले असेल, तर ते प्रमाण मानावे.

आता मुख्य मुद्दा. शहरात हे यंत्र तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर भिंतीला टांगलेले असते. ते पाहून आपली मुलेही, गोव्यात किंवा पुण्यात नोकरीला असलेली, गावच्या घरी तसेच उंच टांगायला सांगतात. शहरात ते टांगतात, कारण तेथे जमीन नाही. आपल्याकडे अंगण आहे, परसू आहे. मग आपण का टांगावे? हे यंत्र तीसएक किलो वजनाचे असते. मातीच्या भिंतीला ते झेपणार नाही. चिऱ्याची भिंतही सच्छिद्र. नुसत्या गिलाव्यात खिळवलेला बोल्ट यंत्राच्या थरथरीने सैल होतो. भिंतीवरच लावणे भाग असेल, तर बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन मागे पट्टी बसवावी. पण शक्य तेथे जमिनीवर दीड फूट उंचीचा काँक्रीटचा कट्टा बांधावा, वर रबराचे तुकडे ठेवावेत आणि त्यावर यंत्र बसवावे. एवढी उंची असली म्हणजे पावसाचा चिखल उडत नाही, वाहते पाणी लागत नाही आणि सफाईला शिडी लागत नाही. घराला वरचा मजला असेल, तर गच्चीवर जेथे माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहील तेथे ठेवावे. छज्जाच्या कडेला नको. आपल्याला थंडावा मिळावा म्हणून कोणा मेकॅनिकने जीव मुठीत धरून लोंबकळावे, हे आपल्या संस्कारात बसत नाही. तोही कोणाच्या तरी घरचा मुलगाच आहे.

दिशेचेही गणित आहे. आपला तालुका सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट आपल्या डोक्यावर येतो. भिंत तापते ती दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने. पुढे जूनपासून पावसाची झड येते तीही पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून. म्हणजे पश्चिमेची बाजू उन्हाळ्यात वाईट आणि पावसाळ्यातही वाईट. पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू त्या मानाने बरी. यंत्र पावसाला तोंड देण्याच्या हिशेबानेच बनवलेले असते, पण पागोळ्यांची धार त्यावर चार महिने पडत राहावी असे नाही. वळचणीखाली ठेवताना धारेच्या आत किंवा धारेच्या पलीकडे ठेवावे.

मात्र उत्तरेला गोठा असेल तर? गोमूत्रातून निघणारा अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो. न्हाणीघराची चूल असेल, तर धूर आणि काजळी जाळीत बसते. शिवाय आजच्या पुष्कळ यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. तेव्हा विस्तवापासून दूरच बरे. नारळाखाली किंवा फणसाखाली जागा निवडू नये, हे सांगायला नकोच! खोलीपासून फार लांबही नको. नळ्या जितक्या लांब, तितका खर्च अधिक आणि थंडावा कमी. साधारण तीन मीटरांत काम भागले तर उत्तम.

आपले शेजारी केवळ माणसेच नाहीत. माकडे नळ्यांवरचे काळे वेष्टण सोलतात, उंदीर तारा कुरतडतात, मुंग्या आणि पाली आत शिरतात. नळ्या पत्र्याच्या किंवा पीव्हीसीच्या आवरणातून न्याव्यात आणि भिंतीतील भोक बुजवून घ्यावे. पावसाळ्यात एसी बंद असेल तेव्हा यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, आत ओल कोंडते. वरून झाकण पुरे. आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मुख्य स्विच बंद करावा.

आता मनुष्य शेजाऱ्याविषयी. यंत्राचे तोंड त्याच्या खिडकीकडे, त्याच्या ओसरीकडे असू नये. त्या गरम हवेने आणि रात्रभराच्या घरघरीने पलीकडच्या म्हातारीची झोप मोडत असेल, तर आपला थंडावा तिच्या खर्चाने चालला आहे. यंत्र बसवण्यापूर्वी शेजारच्या दादांना बोलावून विचारावे, “येथे ठेवले तर तुम्हांला त्रास नाही ना?” बांधावरून झालेली भांडणे आपण पाहिली आहेत. हे एक वाक्य तसे एखादे भांडण वाचवील.

शेवटी विजेविषयी एकच गोष्ट. सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात आपल्या तालुक्याचे जुने ठाणे सुपे पाण्याखाली गेले आणि तेथून उठलेली पुष्कळ कुटुंबे रामनगरला येऊन वसली. आज या सभेत बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या आजोबांचे अंगण त्या पाण्याखाली असेल. गणेशगुडीच्या वीजगृहात वीज तयार होते ती त्याच पाण्यावर. ज्या विजेसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी घरे सोडली, ती चुकीच्या जागी बसवलेल्या यंत्रात वाया घालवू नये. हल्लीच्या एसीवर सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम १ जानेवारी २०२० पासून आला आहे. योग्य जागी बसवलेला एसी २४ अंशांवर पुरेसा गारवा देतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एकदा घराभोवती फिरून या. वारा कोठून येतो, पाणी कोठे पडते, शेजारी कोठे निजतो आणि सफाईचा माणूस कोठे उभा राहील, या चार गोष्टी पाहा. जागा आपोआप सापडेल.