घाम, वास आणि निगा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



अशा समारंभात विद्येवर किंवा दानाच्या महतीवर बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र घामाच्या वासावर बोलणार आहे. हसू आले तर खुशाल हसा. पण या विषयावर तोंडावर कोणी बोलत नाही, पाठीमागे सगळे बोलतात, आणि त्यात कोवळी मुले होरपळतात, हे मी वीस वर्षे वर्गात पाहत आलो आहे.

प्रथम शास्त्र पाहू. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. सर्वांगावरच्या लक्षावधी ग्रंथी पाणी व मीठ बाहेर टाकून शरीर थंड राखतात. काखेत व जांघेत मात्र निराळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव दाट व स्निग्ध असतो. त्वचेवर नेहमीच वास करणारे जीवाणू त्याचे विघटन करतात, आणि त्यातून दुर्गंधी निर्माण होते. या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात. म्हणून पाचवीत जी आंघोळ पुरत होती ती आठवीत पुरत नाही. शिवाय आपल्या वासाला आपले नाक सरावते. ज्याचा वास, त्यालाच तो कळत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. आठवीतल्या एका मुलाशेजारी कोणी बसेना. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "रोज आंघोळ करून येत जा." दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतच येईना. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "सर, पोरगं रोज आंघोळ करतंय. सदरा एकच हाय. रात्री धुते, पावसात वाळत न्हाई, ओलाच घालून जातंय." मी मान खाली घातली. वास मुलाचा नव्हता, ओल्या सदऱ्याचा होता. दमट कपड्यात जीवाणू झपाट्याने वाढतात, हे विज्ञान मी स्वतः शिकवीत होतो!

म्हणून निगा म्हणजे केवळ आंघोळ नव्हे. काखा, जांघा व पाय साबणाने चोळून धुवावेत आणि पंचाने पुरते कोरडे करावेत. सदरा व बनियन रोज बदलावे. कपडे उलटे करून उन्हात वाळवावेत, ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. पॉलिएस्टरच्या कपड्यात सुतीपेक्षा वास अधिक धरतो. मोजे रोज धुवावेत, बूट वाळू द्यावेत. आमच्याकडे नमाजापूर्वी वुजू करतात, आपल्याकडे पूजेपूर्वी स्नान. दोहोंतही पाणी आधी, सुगंध नंतर. न धुतलेल्या अंगावर अत्तर किंवा पावडर म्हणजे केर न काढता रांगोळी घालणे होय. कच्चा कांदा, लसूण व मेथी यांचाही वास घामात उतरतो. त्याला घाबरू नये, एवढेच ध्यानात ठेवावे.

इतके करूनही वास जात नसेल, किंवा तो एकाएकी बदलला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येऊन वजन घटत असेल, किंवा खूप तहान व वारंवार लघवी होऊन श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर मुळीच थांबू नये.

शिक्षकांना व पालकांना विनंती अशी की, मुलाला चारचौघांत टोकू नये. एकांतात आधी विचारावे, मग सांगावे. मी आधी सांगितले, म्हणून चुकलो.

आणि विश्वस्त मंडळींपाशी एक मागणे आहे. गरजू मुलांना आपण दरवर्षी गणवेश देता. यंदापासून एकाऐवजी दोन सदरे द्यावेत. एक अंगावर, एक दोरीवर. त्या दुसऱ्या सदऱ्याने एखादे मूल मागच्या बाकावरून पुढे येईल.

तो मुलगा पुढे शाळेत परतला. आम्हा शिक्षकांनी त्याला दुसरा सदरा दिला होता. पण माझे ते वाक्य मात्र मला परत घेता आले नाही.